गहू सोसत नाही तेव्हा

चपाती, पाव, शिरा किंवा शेवया खाल्ल्यावर काही तासांत पोट गुबारते, मुरडा येतो, जुलाब होतात किंवा उलट कोठा बांधला जातो. त्याच्या जोडीला डोके जड होते, अंग गळून जाते, सांधे ठणकतात, डोके चालेनासे होते. गहू बंद केला की हे सारे ओसरते आणि पुन्हा सुरू केला की परत येते. अशा माणसाचे रक्त तपासले, लहान आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तरी सेलिअ‍ॅक आजाराची खूण सापडत नाही. गव्हाची अ‍ॅलर्जीही नसते. या अवस्थेला वैद्यकात सेलिअ‍ॅकविरहित गहू-संवेदनशीलता म्हणतात. घरात मात्र एवढेच म्हटले जाते की अमक्याला गहू सोसत नाही, तमकीला चपाती बाधते.

हे निदान वजाबाकीचे आहे. इतर आजार एकेक करून बाजूला काढले, की जे उरते त्याला हे नाव मिळते. ते नक्की करणारी रक्ततपासणी आजही नाही. त्यामुळे या विषयात खरा रुग्ण, चुकून तसे समजणारा रुग्ण आणि केवळ फॅशनपायी गहू सोडणारा माणूस हे तिघे एकाच रांगेत उभे दिसतात. ब्रिटनमध्ये शेफील्ड येथे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 13 टक्के लोकांनी आपल्याला ग्लुटेन बाधते असे सांगितले, आणि त्यांत बायकांची संख्या पुरुषांच्या कितीतरी पट होती. पण बाधते असे सांगणे आणि तपासून तसे ठरणे यांत फार अंतर आहे, हे पुढे दिसेलच.

महाराष्ट्रात हा प्रश्न पंजाब-हरियाणाइतका सरळ नाही, कारण इथे गहू सगळीकडे सारखा जुना नाही. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली हे गाव आहे. तोरण्याच्या परिसरातला, सह्याद्रीच्या माथ्याजवळचा हा मावळचा मुलूख. पुढे केळदजवळून मढे घाटाची वाट कोकणात उतरते. पाऊस दणकून पडतो. शेती म्हणजे राब भाजून तयार केलेली भाताची रोपे, त्यांची लावणी आणि डोंगरउतारावरची नाचणी-वरई. गव्हाला कोरडी थंडी आणि ओल धरून ठेवणारी जमीन लागते. ती सोय देशावरच्या काळ्या रानात आहे, तांबड्या मुरमाड उतारांवर नाही. म्हणून भोर-वेल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यात रोजचे खाणे भात आणि नाचणीची भाकरी, पूर्वेला सरकावे तशी ज्वारी-बाजरीची. गव्हाची पोळी ही सणावाराला किंवा पाहुणा आला की होणारी गोष्ट होती.

हे चित्र दोन-तीन पिढ्यांत पालटले. अमेरिकेच्या पीएल-480 योजनेखालचा गहू 1956 च्या करारानंतर देशात येऊ लागला आणि रेशनच्या दुकानांतून घरोघर पोचला. 1967 मध्ये कल्याणसोना आणि सोनालिका ही बुटकी, भरघोस वाणे आली, हरितक्रांतीने देशात गव्हाचे डोंगर उभे केले. पुढे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिना 35 किलो धान्याचा हक्क दिला. महाराष्ट्रात हे धान्य मुख्यत: गहू आणि तांदूळ या रूपात येते, आधी गहू 2 रुपये किलो होता, जानेवारी 2023 पासून तो फुकट झाला. शेतात न पिकणारे धान्य अशा रीतीने ताटात कायमचे बसले. त्यात पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेल्यांचा वडापाव, चहाबरोबरची खारी, डब्यातली चपाती यांची भर पडली. भाकरी थापायला वेळ आणि हातखंडा लागतो. चपाती डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. चपातीच्या विजयात या साध्या कारणाचा वाटा मोठा आहे.

तो मऊपणा ज्यामुळे येतो, त्यापासूनच गव्हाच्या अभ्यासाची सुरुवात होते. गव्हाच्या पिठात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन या दोन गटांतली प्रथिने असतात. पाणी घालून मळले की ती एकमेकांत गुंतून चिवट, ताणता येणारे जाळे तयार होते. त्या जाळ्याचे नाव ग्लुटेन. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळून पिष्ट धुऊन टाकले, तर हातात जो रबरासारखा गोळा उरतो तो जवळजवळ निव्वळ ग्लुटेनच. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी याने 1728 मध्ये हाच प्रयोग मांडला होता. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई आणि तांदूळ यांच्या पिठात असे जाळे होत नाही. म्हणून भाकरी लाटत नाहीत, थापतात. पीठ गरम पाण्याने भिजवून चिकटपणा आणतात. आणि पीठ जुने होऊन विरी गेली की भाकरी काठाला तडकते.

ग्लुटेनमुळे होणारा सर्वांत गंभीर आजार सेलिअ‍ॅक. त्यात ग्लायाडिनचे काही तुकडे आतड्यात पूर्ण पचत नाहीत, ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर त्यांत बदल घडवते आणि ज्यांच्या शरीरात एचएलए-डीक्यू2 किंवा डीक्यू8 हे जनुकीय प्रकार आहेत त्यांची प्रतिकारयंत्रणा त्या तुकड्यांवर तुटून पडते. या लढाईत लहान आतड्याच्या आतल्या बाजूचे बोटांसारखे उंचवटे झिजून सपाट होतात. अन्नरस शोषला जात नाही. मुलांची वाढ खुंटते, रक्तक्षय होतो, हाडे ठिसूळ होतात. या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. त्यांना 1930 च्या दशकातच तशी शंका आली होती. 1944-45 च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडमध्ये अन्नाची टंचाई पडली, पाव मिळेनासा झाला, आणि ही आजारी मुले त्या उपासमारीत उलट सुधारू लागली. पाव पुन्हा मिळू लागताच ती घसरली. डिके यांचा प्रबंध 1950 साली सादर झाला.

गव्हाची अ‍ॅलर्जी हा दुसरा वेगळा आजार. त्यात आयजीई जातीची प्रतिद्रव्ये काम करतात आणि प्रकार मिनिटांचा असतो: अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो, क्वचित जिवावर बेतते. गिरणीत, बेकरीत काम करणाऱ्यांना पिठाच्या धुळीने होणारा दमा याच घराण्यातला. संवेदनशीलतेत यांपैकी काही होत नाही. आतडे सपाट होत नाही, जीव धोक्यात येत नाही, पुढे कर्करोग वगैरे होतो असाही पुरावा नाही. त्रास मात्र खरा असतो.

भारतातले सेलिअ‍ॅकचे आकडे मावळासारख्या भाताच्या प्रदेशाला विशेष बोलके आहेत. दिल्लीच्या एम्समधील डॉ. गोविंद मखारिया यांच्या गटाने 2011 मध्ये उत्तर भारतातल्या वस्तीत दर 96 माणसांमागे एकाला हा आजार असल्याचे दाखवले. पुढे 2016 साली देशाच्या तीन भागांची तुलना प्रसिद्ध झाली. उत्तरेत प्रमाण 1.23 टक्के, ईशान्येत 0.87, दक्षिणेत केवळ 0.10. आजाराला अनुकूल जनुके मात्र तिन्ही ठिकाणी जवळपास सारखी, साधारण तीन माणसांत एकाकडे. फरक होता ताटात: उत्तरेत दिवसाला सरासरी 455 ग्रॅम गहू, दक्षिणेत 25 ग्रॅम. ईशान्येत मात्र गहू 37 ग्रॅमच असूनही आजार दक्षिणेपेक्षा बराच अधिक आढळला, तेव्हा नुसत्या गव्हाच्या मापावर सगळे उलगडत नाही. तरीही जिथे जनुके आहेतच आणि गहू वाढत चालला आहे, तिथे सेलिअ‍ॅक हा उत्तरेकडचा आजार म्हणून सोडून देता येत नाही. महाराष्ट्र या तीन भागांत नव्हता, पण खाण्याच्या बाबतीत तो उत्तर आणि दक्षिण यांच्या मध्ये बसतो; त्यातही मावळ-कोकण दक्षिणेकडे झुकलेले.

सेलिअ‍ॅक नसूनही गहू बाधतो अशी नोंद 1978 साली लॅन्सेट या नियतकालिकात आली. 1980 मध्ये काही रुग्णांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले: जुलाब होते, गहू सोडल्यावर थांबले, पण आतडे ठणठणीत. त्यानंतर तीस वर्षे हा विषय जवळजवळ पडून राहिला. 2011 मध्ये लंडनला तज्ज्ञांची बैठक झाली, आणि 2014 मध्ये इटलीतील सालेर्नो येथे निदानाची पद्धत ठरली. मधल्या काळात अमेरिकेत गव्हाविरुद्धची पुस्तके धडाधड खपू लागली होती आणि ग्लुटेन-फ्री ही बाजारपेठ झाली होती. शास्त्राने विषय हाती घेतला तेव्हा तो आधीच दुकानांत पोचलेला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचा गोंधळ समजायला सोपा जातो.

गव्हातले नेमके काय बाधते? पहिला संशय अर्थात ग्लुटेनवर गेला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन यांच्या गटाने 2011 मध्ये चिडक्या आतड्याचा त्रास असलेल्या, सेलिअ‍ॅक नसलेल्या 34 जणांवर प्रयोग केला. कोणाला ग्लुटेन मिळते आणि कोणाला नाही हे रुग्णांना आणि डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. ग्लुटेन मिळालेल्यांपैकी 68 टक्क्यांचा त्रास आटोक्यात राहिला नाही, न मिळालेल्यांत 40 टक्क्यांचा. ग्लुटेनविरुद्ध हा भक्कम पुरावा मानला गेला. मग त्याच गटाने 2013 मध्ये 37 जणांवर अधिक कसून प्रयोग केला. या वेळी आधी दोन आठवडे सर्वांच्या आहारातून काही विशिष्ट शर्करा काढून टाकल्या. सगळ्यांना आराम पडला. त्यानंतर भरपूर ग्लुटेन, थोडे ग्लुटेन किंवा अजिबात नाही असे पाळीपाळीने दिले, तेव्हा तिन्ही वेळा त्रास सारखाच वाढला. ग्लुटेननेच त्रास होतो असे म्हणता येतील असे रुग्ण फक्त 8 टक्के निघाले. एकाच प्रयोगशाळेने दोन वर्षांत स्वत:चाच निष्कर्ष मोडीत काढावा, हे वैद्यकात रोज घडत नाही.

ज्या शर्करा काढून टाकल्या होत्या त्यांत गव्हातली मुख्य म्हणजे फ्रुक्टान. फळशर्करेच्या कणांच्या या छोट्या साखळ्या. माणसाच्या आतड्यात त्या तोडणारे विकरच नाही, मग माणूस पंजाबातला असो की मावळातला. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन असे वायू तयार होतात. हे प्रत्येकाच्या पोटात घडते आणि जीवाणूंच्या दृष्टीने चांगलेही असते. फरक आतड्याच्या हळवेपणात आहे. एकाला तेवढा वायू जाणवतही नाही, दुसऱ्याच्या आतड्याला तोच ताण कळ म्हणून जाणवतो. आपल्या पूर्वजांनी गहू खाल्ला नाही म्हणून आपल्याला तो पचत नाही, हा तर्क म्हणूनच इथे लागू पडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गहू खाणाऱ्यालाही फ्रुक्टान पचत नाही.

नॉर्वेत ऑस्लो येथे 2018 मध्ये ग्लुटेन आणि फ्रुक्टान या दोघांना समोरासमोर उभे केले गेले. स्वत:हून गहू सोडलेल्या, सेलिअ‍ॅक नसलेल्या 59 जणांना प्रत्येकी सात दिवस एकसारख्या चवीच्या वड्या दिल्या: कधी 5.7 ग्रॅम ग्लुटेन असलेल्या, कधी 2.1 ग्रॅम फ्रुक्टान असलेल्या, कधी दोन्ही नसलेल्या. सर्वाधिक त्रास फ्रुक्टानने झालेले 24 जण होते, ग्लुटेनने 13, आणि ज्यात काहीच नव्हते त्या वडीने सर्वाधिक त्रास झालेले 22. एकूण गटात ग्लुटेन आणि पोकळ वडी यांत फरक पडला नाही. हे आकडे मराठी ताटाशी ताडून पाहता येतात. एका मध्यम चपातीला 25 ते 30 ग्रॅम कणीक लागते. गव्हात फ्रुक्टान साधारण एक ते दोन टक्के. चार चपात्यांतून म्हणजे एक ते सुमारे अडीच ग्रॅम फ्रुक्टान पोटात जाते. वरच्या टोकाला ऑस्लोच्या वडीइतके, एकाच जेवणात.

इथे चपातीची एक खासियत आड येते. युरोपातला जुन्या पद्धतीचा पाव तासन्‌तास आंबत असे आणि त्या काळात किण्व आणि जीवाणू फ्रुक्टान खाऊन टाकत. जर्मनीतील होहेनहाइम विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात साडेचार तास फुगू दिलेल्या कणकेत या शर्करा सुमारे दशांशच उरल्या, तर तासाभरातच भाजलेल्या कणकेत त्या सर्वाधिक होत्या. चपातीची कणीक अर्धा तास मुरते आणि तव्यावर जाते. तीत आंबण्याचा प्रश्नच नाही. घाईने फुगवलेला बेकरीचा पावही फारसा वेगळा नाही. फ्रुक्टानच्या दृष्टीने चपाती गव्हाला जवळजवळ जसाच्या तसा पोटात पोचवते.

तिसरा संशयित अमायलेज-ट्रिप्सिन रोधक नावाचा प्रथिनगट. गव्हातल्या प्रथिनांत त्याचा वाटा काही टक्क्यांचाच. दाणा पोखरणाऱ्या किडीच्या पचनविकरांना रोखणे, हे त्याचे काम. साठवणीतल्या सोंड्याविरुद्ध गव्हाने स्वत:च केलेली ही तजवीज. जर्मनीतील माइन्झचे डेटलेफ शुप्पान यांच्या गटाने 2012 मध्ये दाखवले की ही प्रथिने आतड्यातल्या पेशींवरचा टीएलआर-4 हा ग्राहक चाळवून जन्मजात प्रतिकारयंत्रणा जागी करतात. डोके जड होणे, अंग मोडून येणे अशा पोटाबाहेरच्या तक्रारी फ्रुक्टानच्या वायूने समजावता येत नाहीत. तिथे हे स्पष्टीकरण अधिक बसते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 2016 मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात आतड्याच्या अस्तराला इजा झाल्याच्या आणि प्रतिकारयंत्रणा चेतल्याच्या खुणा सापडल्या, आणि गहू सोडल्यावर त्या कमी झाल्या. म्हणजे हा सगळा मनाचा खेळ नाही.

पण मनाचा वाटा आहे, आणि तो लहान नाही. आंधळ्या पद्धतीने, म्हणजे काय दिले हे न कळू देता, केलेल्या दहा प्रयोगांचा आढावा 2017 मध्ये घेतला गेला. त्यांतल्या 231 रुग्णांपैकी फक्त 38 जणांना, म्हणजे 16 टक्क्यांना, ग्लुटेननेच त्रास होतो असे ठरले. आणि सुमारे 40 टक्क्यांना पोकळ नमुन्यानेही तितकाच किंवा अधिक त्रास झाला. औषध समजून घेतलेल्या साखरेच्या गोळीने बरे वाटते, त्याचीच ही उलटी बाजू. बाधेल या धास्तीने खाल्लेले बाधते. लीड्स आणि मास्त्रिख्त येथील 2024 च्या प्रयोगात 83 जणांचे चार गट केले. ग्लुटेन आहे असे सांगून खरोखर ग्लुटेन दिले त्या गटाला सर्वाधिक त्रास झाला. ग्लुटेन दिले पण नाही म्हणून सांगितले, त्या गटाला तसा त्रास झाला नाही. आतडे आणि मेंदू यांच्यातली मज्जातंतूंची देवाणघेवाण पाहता यात नवल नाही. अपेक्षेमुळे उठलेली कळ ही कळच असते. असे असूनही अशा रुग्णाला सोंग करणारा समजणारे डॉक्टर आणि घरचे लोक कमी नाहीत, हे खेदाचे.

मराठी घरात गव्हावरचा संशय पक्का होण्याची एक खास वाट आहे, आणि तिच्याकडे वैद्यकीय लेखनात फारसे लक्ष गेलेले नाही. ती वाट उपवासाची. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार यांना जे चालते, म्हणजे वरीचे तांदूळ, साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, रताळे आणि बटाटा, त्यांत कुठेही ग्लुटेन नाही. उपवासाच्या दिवशी पोट हलके वाटले की निष्कर्ष निघतो: गहूच बाधत होता. पण त्याच दिवशी ताटातून कांदा आणि लसूणही गेलेले असतात, आणि फ्रुक्टानच्या बाबतीत ते दोघे गव्हाच्या पुढे आहेत. तूर, हरभरा, वाल अशा डाळी-कडधान्येही गेलेली असतात. त्यांत गॅलॅक्टनच्या साखळ्या असतात, त्याही पोटात वायू धरतात. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगी सोडणाऱ्यांचाही असाच समज होऊ शकतो. एका दिवसात चार आरोपी निघून गेले आणि शिक्षा मात्र एकालाच झाली.

उलट दिशेनेही फसगत होते. सकाळी चहात बुडवून चपाती खाल्ली आणि पोट बिघडले, तर बोट चपातीकडे जाते. चहातले दूध सुटते. मोठेपणी दुधातली लॅक्टोज शर्करा न पचणे भारतात सर्रास आढळते. इटलीतील पालेर्मो येथे 2012 मध्ये चिडक्या आतड्याच्या 920 रुग्णांची आंधळी तपासणी झाली, त्यांत गहू बाधणारे 276 निघाले. पण नुसता गहू बाधणारे त्यांतले केवळ 70, उरलेल्यांना इतर पदार्थही, विशेषत: दूध, बाधत होते. आणि ज्याने चपाती सोडून भाकरी धरली, पण भाकरीबरोबर लसणाचा ठेचा आणि कांदा घालून केलेले पिठले चालू ठेवले, त्याला आराम पडला नाही तर गव्हाला निर्दोष ठरवणेही घाईचे होईल.

संकरित गहू आल्यापासून ग्लुटेन वाढले, जुन्या गव्हाने काही होत नसे, असे हमखास ऐकू येते. मोजमापे याला दुजोरा देत नाहीत. जर्मनीत 1891 ते 2010 या काळातल्या 60 वाणांची तुलना 2020 मध्ये झाली. ग्लुटेनचे एकूण प्रमाण जवळपास स्थिर राहिलेले दिसले, ग्लायाडिन तर किंचित घटले होते, आणि वाणापेक्षा त्या वर्षीच्या पावसाचा परिणाम मोठा होता. अमेरिकेतल्या आकड्यांवर 2013 साली निघालेला निष्कर्षही असाच आहे. महाराष्ट्रात जुना गहू म्हणून खपली पुढे केला जातो. हा ट्रिटिकम डायकोकम, 28 गुणसूत्रांचा. रोजचा गहू 42 गुणसूत्रांचा. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात तो पिढ्यान्‌पिढ्या खिरी-लापशीसाठी पिकतो, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस 2971 हा त्याचा बुटका वाण काढला आहे. खपलीत तंतू चांगला, चव चांगली, पण ग्लुटेन आहेच. काही संवेदनशील लोकांना तो कमी बाधतो, ते ठीक; सेलिअ‍ॅकच्या रुग्णाला मात्र खपली चालेल असे सांगणे हा धोका आहे, आणि विक्रेते तो सर्रास पत्करतात. रवा, मैदा, दलिया, शेवया, बन्सी, शरबती, लोकवन ही सारी गव्हाचीच रूपे. जवात आणि रायमध्येही ग्लुटेनची भावंडे आहेत.

संशय आला की बहुतेक जण आधी गहू सोडतात आणि मग डॉक्टरकडे जातात. हा क्रम उलटा हवा. सेलिअ‍ॅकची तपासणी, म्हणजे रक्तातली ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए प्रतिद्रव्ये आणि एकूण आयजीए, गहू खाणे चालू असतानाच खरी ठरते. महिनोन्‌महिने गहू सोडलेल्याच्या रक्तातून खुणा पुसल्या जातात, आतडे भरून येते, आणि असलेला आजार नाही म्हणून निघतो. मग तपासणीसाठी काही आठवडे मुद्दाम गहू खावा लागतो, आणि बरे वाटत असलेला माणूस ते करायला तयार होत नाही. भाताच्या मुलखात तर सेलिअ‍ॅक असूनही लक्षणे दबलेली राहू शकतात, कारण आहारात गहूच थोडा. कारण न सापडणारा रक्तक्षय, मुलाची खुंटलेली उंची, कमी होणारे वजन, विष्ठेत रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब ही चिन्हे संवेदनशीलतेची नव्हेत. ती दिसली तर घरगुती प्रयोग नको. जनुकीय तपासणीत डीक्यू2 आणि डीक्यू8 दोन्ही नसले तर सेलिअ‍ॅक जवळजवळ बाद होतो. असले तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण ते लाखो निरोगी लोकांतही असतात.

तपासण्या निर्दोष आल्यावर सालेर्नोची पद्धत लागू होते. आधी सहा आठवडे ग्लुटेनविना आहार आणि दर आठवड्याला तक्रारींना गुण देणे. तीस टक्क्यांहून अधिक उतार पडला तर पुढे जायचे. मग आठवडाभर रोज 8 ग्रॅम ग्लुटेन किंवा त्याशिवायचा तसाच दिसणारा पदार्थ, मध्ये एक आठवडा विश्रांती, आणि नंतर अदलाबदल. आठ ग्रॅम म्हणजे तीन-चार चपात्यांतले ग्लुटेन. घरात हे आंधळ्या पद्धतीने करणे अवघड. चपाती आणि भाकरी यांतला फरक अंधारातही कळतो. म्हणून व्यवहारात निम्मी पायरी गाठली जाते: बाकी ताट तसेच ठेवून फक्त गहू बदलायचा, तोही काही आठवड्यांसाठी, आणि मग पुन्हा आणून पाहायचे. पुन्हा आणण्याची पायरी बहुतेक जण गाळतात. त्यामुळे उरलेले आयुष्य कारणाविना पथ्यात जाते, किंवा खरे कारण, कधी कांदा, कधी दूध, तसेच राहते.

पथ्य करावे लागलेच तर मावळातल्या माणसाला ते परदेशातल्याइतके जड नाही. तिथे गहू सोडणे म्हणजे महागडा पाव, बिस्किटे आणि पास्ता, ज्यांत तंतू कमी आणि साखर-स्निग्ध जास्त. इथे भात, नाचणी, वरई, ज्वारी, बाजरी घरचीच. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम सुमारे 350 मिलिग्रॅम, म्हणजे गव्हाच्या कितीतरी पट. या धान्यांत फ्रुक्टानही गव्हापेक्षा कमी. नुसत्या पांढऱ्या भातावर राहिले तर मात्र कोठा बांधतो आणि तक्रार नव्याने सुरू होते. रेशनवर मिळणारा गहू न खाता ज्वारी-नाचणी विकत घ्यायची तर खर्च वाढतो, आणि गरीब घरात हे पथ्य एकट्या माणसासाठी सहसा पाळले जात नाही.

पथ्याच्या कडकपणाची पातळी आजारावर ठरते. सेलिअ‍ॅकमध्ये किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असेल तरच पदार्थ ग्लुटेनमुक्त ठरतो. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादाही तीच. अशा रुग्णाला गिरणीत आधी कोणाचे गव्हाचे दळण निघाले हे विचारावे लागते, कारण जात्याच्या पाळ्यांत राहिलेले पीठ ज्वारीत उतरते. उपवासाचे दळण वेगळे काढणाऱ्या गिरण्यांचा इथे उपयोग होतो. बांधानी हिंगात मैदा मिसळलेला असू शकतो, तोही पाहावा लागतो. संवेदनशीलतेत या थराला जाण्याची गरज नसते. तिथे प्रमाण महत्त्वाचे: चार चपात्या बाधणाऱ्याला एक सोसते, आठवड्यातून एकदा पुरणपोळी चालते. आपली मर्यादा किती हे हळूहळू वाढवून ठरवायचे, आणि सहा महिन्यांनी-वर्षाने पुन्हा तपासायचे, कारण आतड्याचा हळवेपणा कायम एकाच पातळीवर राहत नाही. जुलाबाच्या साथीनंतर तो वाढतो आणि पुढे कित्येकदा आपोआप उतरतोही.